दुर्बीण घेण्याआधी अंतर मोजा

"पाच हजारात एअर रायफलला बसेल अशी चांगली दुर्बीण सांग." गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला चार वेगवेगळ्या लोकांनी विचारला. मी काही मोठा नेमबाज वगैरे नाही, शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन साठ छर्रे उडवून येणारा हौशी माणूस. पण आपल्याकडे एखादी गोष्ट नियमित करणारा माणूस आपोआप तज्ज्ञ ठरतो, त्याला इलाज नाही :)

चौघांनाही मी उलटा एकच प्रश्न केला. किती अंतरावर मारायचंय? आणि चौघांपैकी एकालाही त्याचं उत्तर पटकन देता आलं नाही. "असंच, लांब" असं एकजण म्हणाला. आता आमच्या धंद्यात असा गिऱ्हाईक आला की आम्ही ओळखून असतो. याला काय हवंय ते याला ठाऊक नाही, पण सर्व्हर मात्र मोठाच हवाय.

तर माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. छोट्या बोअरच्या बंदुकीवर, म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल किंवा .२२ची रायफल, साइट निवडताना सगळ्यात आधी अंतर ठरवायचं. मग बंदुकीचा धक्का कसा आहे ते बघायचं. मग आपला डोळा. 'किती पट मोठं दिसतं' हा प्रश्न या सगळ्यानंतर. आणि ज्याला शिकायचंय, स्पर्धेत उतरायचंय, त्याने दुर्बीण मुळातच घेऊ नये. हजार-दोन हजारांची नको आणि वीस हजारांचीही नको.

चारांपैकी एक प्रश्नकर्ते आमचे दाजी. चांदवडला राहतात, शेती कांद्याची आणि थोडी डाळिंबाची. भाची आठवीत आहे. तिच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी दोन-तीन जुन्या एअर रायफली मिळवून मुलांना नेमबाजी शिकवायला सुरुवात केली आणि पोरीचा हात बरा निघाला. तालुक्याच्या गावात हे व्हावं याचंच मला कौतुक वाटतं. नेमबाजीच्या सोयी म्हटल्या की नाशिक, आणि चांदवडहून नाशिक साठ-पासष्ट किलोमीटर. आग्रा रोडने रोज कोण नेऊन आणणार? म्हणून दाजींनी घरीच सरावासाठी स्प्रिंगची एक एअर रायफल घेतली, आणि दुकानदाराने सांगितलं की हिच्यावर तीन ते नऊ पट वाढवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण टाका, पोरगी थेट राज्याला जाईल.

"अहो, लांबचं जवळ दिसलं की नेम लागणारच ना!" दाजी फोनवर म्हणाले.

हे वाक्य इतकं साधं आणि इतकं पटणारं आहे की ते खोडून काढायला मला पुढचा तासभर लागला. त्या तासाचा हा विस्तार समजा.

पहिली गोष्ट नियमाची. दहा मीटर एअर रायफल असो की पन्नास मीटर .२२ रायफल, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होणाऱ्या या स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. शालेय स्पर्धांत रायफलचे दोन प्रकार असतात, 'ओपन साइट' आणि 'पीप साइट'. ओपन साइट म्हणजे बंदुकीबरोबर येणारी साधी खाच आणि पुढचा काटा. पीप साइट म्हणजे मागे बारीक छिद्र असलेली चकती आणि पुढे नळकांड्यात बसवलेलं कडं. तिसरा, दुर्बिणीचा, प्रकारच नाही. म्हणजे दाजी ज्या वस्तूवर कांद्याचे पैसे घालायला निघाले होते, ती भाचीला स्पर्धेच्या दिवशी काढूनच ठेवावी लागली असती. आणि वर्षभर जी सवय केली ती त्या दिवशी उपयोगाची नाही! परीक्षेला गाइड घेऊन बसू देत नाहीत, तसंच हे.

यावर दाजींचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. मग हे मोठमोठे नेमबाज काय नुसत्या डोळ्यांनी मारतात?

हो. १ ऑगस्ट २०२४ला स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं (स्पर्धा खरं तर पॅरिसपासून बरीच दूर, शातोरूला झाली). अंतिम फेरीत ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे दुसरंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक, मध्ये बहात्तर वर्षं गेली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, वडील शिक्षक, आणि त्याच्या जडणघडणीची महत्त्वाची वर्षं आपल्या नाशिकला गेलेली. त्याच्या त्या बंदुकीवर दुर्बीण नव्हती. पन्नास मीटरवरच्या त्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ते छिद्रातून बघून मारायचं, गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तीही छिद्रातूनच. अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या, त्याही छिद्रातूनच.

आता हे छिद्र इतकं कामाचं का, ते बघू. यात जादू नाही, शाळेतलं प्रकाशशास्त्र आहे.

साध्या खाचेच्या साइटमध्ये डोळ्याला तीन गोष्टी एका वेळी बघाव्या लागतात: जवळची खाच, हातभर लांबचा काटा आणि दहा मीटरवरचा कागद. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतं. म्हणून बाकीच्या दोन गोष्टी धूसर दिसणारच. पीपमध्ये मागच्या छिद्राकडे बघायचंच नसतं, त्याच्या आरपार बघायचं. वर्तुळाचं केंद्र शोधायला डोळा उपजतच हुशार असतो, त्यामुळे पुढचं कडं छिद्राच्या मध्यावर आपोआप येतं आणि काळा ठिपका त्या कड्याच्या मध्यावर. शिवाय बारीक छिद्रातून येणारा प्रकाश जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दाखवतो. खात्री करायची असेल तर एका जाड कार्डाला सुईने भोक पाडा, चष्मा काढा आणि त्या भोकातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. ज्यांना नंबर आहे त्यांना गंमत लगेच कळेल.

दुसरा फायदा लांबीचा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जितकं जास्त, तितकी चूक कमी. साधा त्रैराशिकाचा हिशोब आहे. दोन साइटमध्ये ४५० मिलिमीटर अंतर असेल आणि मागची जुळणी एक दशांश मिलिमीटरने चुकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे सव्वादोन मिलिमीटर सरकतो. पीप साइट बंदुकीच्या मागच्या भागावर, डोळ्याजवळ बसते. दोहोंमधलं अंतर ७०० मिलिमीटर झालं की तीच चूक दीड मिलिमीटरच्याही खाली येते. दहा मीटरच्या लक्ष्यावर एका गुणाच्या कड्याची रुंदी अडीच मिलिमीटर असते आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे पाऊण मिलिमीटरचा फरकही कागदावर दिसतो.

"पण दुर्बिणीत हे सगळं नकोच ना, एकच फुली ठेवायची!" इति दाजी. बरोबर आहे, आणि दुर्बिणीचा खरा गुण तोच आहे. फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला एकाच ठिकाणी बघावं लागतं. फक्त यात एक मोठी अट आहे. ती अट दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

एसटीत ड्रायव्हरच्या शेजारच्या बाकावर बसून कधी वेगाचा काटा बघितलाय? आपल्याला एक आकडा दिसतो, ड्रायव्हरला दुसरा. काटा आणि आकडे एका प्रतलात नसतात, म्हणून तिरकं बघितलं की वाचन बदलतं. याला पॅरलॅक्स म्हणतात. दुर्बिणीतही हेच होतं. फुली दुर्बिणीच्या आत एका जागी पक्की असते, आणि लक्ष्याची प्रतिमा नेमकी त्या जागी पडते ती एका ठरावीक अंतरावरच्या लक्ष्याची. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी साधारण शंभर मीटरच्या आसपास जुळवलेल्या असतात, .२२च्या पन्नास मीटरच्या आसपास, तर एअर रायफलच्या स्वस्त दुर्बिणी तीसेक मीटरला. लक्ष्य त्या अंतरावर नसेल तर डोळा जरा वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकला की फुली लक्ष्यावर सरकते. बंदूक जागची हललेली नसते, तरीही.

किती सरकते? हिशोब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाचा निम्मा घ्यायचा, त्याला जुळवलेलं अंतर आणि खरं अंतर यांच्या फरकाने गुणायचं आणि जुळवलेल्या अंतराने भागायचं. भिंग ३२ मिलिमीटर, दुर्बीण शंभर मीटरला जुळवलेली, लक्ष्य दहा मीटरवर. सोळा गुणिले नव्वद भागिले शंभर, म्हणजे १४.४ मिलिमीटर. ही सगळ्यात वाईट स्थिती झाली, डोळा अगदी कडेला असतानाची. पण निम्मा जरी सरकला तरी सात मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुण गेले. चाळीस मिलिमीटरचं भिंग असेल तर आकडा अठरावर जातो. आता बघा, मोठं भिंग म्हणजे जास्त चांगलं असं समजून जास्त पैसे द्यायचे आणि चूकही जास्त घ्यायची!

तीच शंभर मीटरची दुर्बीण पन्नास मीटरवर वापरली तर चूक आठ मिलिमीटरवर येते. आणि शंभरावर शून्य. दुर्बीण वाईट नाही, ती दुसऱ्या कामासाठी बनवलेली आहे. यात गंमत अशी की दुकानात दुर्बीण हातात दिली जाते ती रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरून बघायला. तिथे पाटी छान वाचता येते. दहा मीटरवरच्या कागदाचं काय, हे घरी आल्यावर कळतं.

तपासायची रीत सांगतो. बंदूक तांदळाच्या दोन पिशव्यांवर पक्की टेकवा, रिकामी आहे याची आधी खात्री करून. दहा मीटरवर कागद लावा. बंदुकीला हात न लावता दुर्बिणीतून बघा आणि डोकं हळूहळू वर-खाली करा. फुली कागदावर फिरत असेल तर ती दुर्बीण तुमच्या कामाची नाही. पुढे किंवा बाजूला अंतर जुळवायची कडी असलेल्या दुर्बिणी मिळतात, त्यातल्या काही दहा मीटरपर्यंत खाली येतात. घ्यायची तर तशीच घ्यावी. पण कडीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, टेपने मोजलेल्या अंतरावर डोकं हलवून बघा.

दुसरी भानगड स्प्रिंगच्या बंदुकीची. लोकांचा समज असतो की एअर रायफलला धक्का तो काय, कुठलीही दुर्बीण चालेल. उलट आहे. .२२च्या रायफलचा धक्का हलका आणि एकाच दिशेने, मागे. स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो, त्यामुळे बंदूक आधी मागे येते. मग पिस्टन नळकांड्याच्या टोकाला जाऊन थांबतो आणि बंदुकीला पुढे हिसका बसतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत दोन्ही दिशांचे धक्के. साध्या दुर्बिणीची आतली जुळणी मागच्या धक्क्याचा विचार करून केलेली असते, पुढचा हिसका तिला सोसत नाही. काही डबे संपेपर्यंत फुली तिरकी होते किंवा आतलं भिंग सैल होतं. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे ते एकदम तुटत नाही. आज इकडे लागतं, उद्या तिकडे. पोरगं बिचारं स्वतःचा हात वाईट समजत राहतं. आम्हा प्रोग्रामरांना हे दुखणं चांगलं माहीत आहे, अधूनमधून येणारा बग कायम दिसणाऱ्या बगपेक्षा दहापट वाईट!

शिवाय त्या हिसक्यांनी अख्खी दुर्बीण पट्ट्यांसकट मागे सरकते. एअर रायफलवर साधारण अकरा मिलिमीटरची खाचपट्टी असते, तिच्यावर नुसते स्क्रू आवळून भागत नाही. एकसंध माउंट आणि त्याला खाली अडकणारी खिळी, या दोन गोष्टी दुर्बिणीइतक्याच महत्त्वाच्या. आपल्याकडच्या बऱ्याच बंदुका मोडून भरायच्या प्रकारच्या असतात, त्यात आणखी एक मेख आहे. दुर्बीण बसते मागच्या नळकांड्यावर आणि छर्रा जातो पुढच्या नळीतून, मधे बिजागरी. नळी प्रत्येक वेळी त्याच जागी बसली नाही तर दुर्बीण एकीकडे आणि नळी दुसरीकडे. मागच्या भागावर बसणाऱ्या पीपलाही हे लागू आहे. ज्या बंदुकीत खाच आणि काटा दोन्ही नळीवरच असतात, तिथे हा दोष झाकला जातो. म्हणून साइटवर पैसे घालायच्या आधी बिजागरीत खुळखुळ आहे का ते हाताने बघा. असेल तर आधी ती दुरुस्त करा.

आता 'किती पट' याबद्दल थोडक्यात. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्याकडे येतो. चार पट आणि ३२ मिलिमीटर म्हणजे आठ मिलिमीटरचा झोत, डोळा जरा इकडे-तिकडे झाला तरी चित्र दिसतं. बारा पट आणि ४० मिलिमीटर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, डोकं केसभर हललं की काळोख. आणि जितके पट जास्त, तितका आपलाच थरथराट मोठा दिसतो. शिकाऊ माणूस त्या नाचणाऱ्या फुलीच्या मागे लागतो, फुली मध्यावर आली रे आली की घोडा ओढतो, आणि ओढताना बंदूक हलते. चार पटीला हा मोह निदान कमी होतो. लाल ठिपक्याच्या साइट दिसायला छान असतात, पण तीन मिनिटांचा ठिपका (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) दहा मीटरवर पावणेनऊ मिलिमीटर झाकतो. अर्ध्या मिलिमीटरच्या दहासाठी पावणेनऊचा ठिपका! लेझरबद्दल तर बोलायलाच नको.

मग पाच हजारांचं काय करायचं? माझं म्हणणं दाजींना आवडलं नाही, पण सांगतो. पहिलं वर्ष साइटवर एक रुपयाही घालू नका. ओपन साइटवर शिकू दे. पैसे छर्ऱ्यांवर घाला. रोजचे साठ, आठवड्यात तीन दिवस, म्हणजे १८०. पाचशेचा डबा तीन आठवडेही पुरत नाही. वर्षाला एकोणीस डबे लागतात. यात कंजुषी केली की सराव कमी होतो, आणि सराव कमी झाला की कुठलीही साइट काही करू शकत नाही. सुरुवातीला तीन-चार प्रकारचे छर्रे थोडे थोडे घेऊन बघावेत. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, हे ऐकायला अंधश्रद्धेसारखं वाटतं पण कागदावर स्पष्ट दिसतं. कागदासाठी सपाट तोंडाचे छर्रे चांगले, भोक स्वच्छ पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाहीत. आणि ते शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय खायचं नाही. आठवीतल्या मुलांना हे दहा वेळा सांगावं लागतं.

पाच छर्रे मारा आणि त्यांचा पुंजका किती मोठा ते बघा. तो कागदावर कुठे पडलाय याची आधी काळजी करू नका. एनसीसीत .२२वर फायरिंग केलेल्यांना 'ग्रुपिंग' हा शब्द आठवत असेल, तिथेही सुरुवात याच्यानेच होते. पुंजका लहान झाला की साइट फिरवून तो मध्यावर आणणं दोन मिनिटांचं काम आहे. पुंजकाच पसरट असेल तर फिरवून फिरवून स्क्रू झिजेल, बाकी काही नाही. स्प्रिंगची बंदूक आवळून धरली की पुंजका पसरतो. तिला तळहातावर सैल ठेवायची आणि प्रत्येक वेळी तशीच. दाजींना हे एवढं मात्र लगेच पटलं, औताच्या बैलाचा कासरा किती ताणायचा हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्षी, पोरगी टिकली तर, पीप साइट. मागच्या चकतीला वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायचे टिकटिक करणारे दोन गोल असतात. विकत घेताना एकच बघायचं: दहा टिकटिक एका दिशेला, दहा परत, आणि छर्रा पूर्वीच्याच जागी लागतो का? परत येत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी नको. पुढच्या कड्याचे वेगवेगळे आकार येतात, त्यातलं जरा मोठं कडं घ्यावं. काळ्या ठिपक्याभोवती पांढरी किनार स्पष्ट दिसायला हवी. नवशिके नेहमी बारीक कडं घेतात, त्यांना ते जास्त अचूक वाटतं.

दुर्बिणीच्या विरोधात एवढं लिहिलं म्हणून गैरसमज नको. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने, ज्याला स्पर्धा वगैरे नाही, आपल्या आवारात पंधरा-वीस मीटरवर डबे पाडायचेत, त्याने खुशाल दुर्बीण घ्यावी. त्याच्या डोळ्याचं भिंग आता जवळ-लांब फिरत नाही, खाच आणि काटा त्याला दोन धुके दिसतात. त्याच्यासाठी चार पट, ३२ मिलिमीटर, न बदलणारी, दहा मीटरपर्यंत अंतर जुळणारी आणि स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनवली आहे असं स्पष्ट लिहिलेली. तीन ते नऊ पट बदलणाऱ्या स्वस्त दुर्बिणीत हलणारे भाग जास्त, आणि त्याच पैशात भाग जास्त म्हणजे प्रत्येक भाग कमी प्रतीचा. एक लक्षात ठेवा, दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते. वीस मीटरला जुळवली तर पाच मीटरवर छर्रा फुलीच्या बराच खाली लागणार. ती दुर्बीण बिघडलेली नसते.

दाजींच्या मनात दुर्बिणीचं आणखी एक कारण होतं, ते त्यांनी फोनच्या शेवटी हळूच सांगितलं. डाळिंबावर पोपट येतात. "तेवढाच उपयोग."

इथे मात्र मी दाजींचा मान बाजूला ठेवून सरळ नाही म्हणालो. ४.५ मिलिमीटर बोअरची, वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, हे खरं. (.२२च्या काडतुसाच्या रायफलला तो लागतोच.) पण बंदुकीला परवाना नको याचा अर्थ पाखराला मारायची परवानगी आहे असा नाही. पोपट, मोर हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, मग ते कोणाच्याही झाडावर बसलेले असोत. शेतकऱ्याचं नुकसान होतं ते खोटं नाही, डाळिंबाला एक चोच लागली की ते फळ गेलं. पण चार डबे छर्ऱ्यांनी थवा कमी होत नाही, चार पाखरं पंख मोडून बांधाला पडतात आणि बाकीची दुसऱ्या दिवशी परत येतात. बागेवर जाळी टाकायला खर्च येतो, पण ती चोवीस तास काम करते. आणि बागेत वर, फांदीकडे तोंड करून मारलेला छर्रा शेजारच्या वस्तीवर कुठे उतरेल हे मारणाऱ्याला दिसत नाही. नऊ पटीच्या दुर्बिणीत तर आणखीच दिसत नाही, कारण चिमुकल्या गोलाबाहेरचं सगळं जग गायब असतं. त्या गोलाच्या कडेला खुरपणारी बाई असू शकते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला बंदूक शिकवताना पहिला धडा हा असतो की मागे काय आहे ते ठाऊक नसेल तर घोड्यावर बोट नाही. घरातलं मोठं माणूसच बागेत वेगळं वागलं तर तो धडा कसा टिकणार?

दाजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पण दहा मीटर सरळ जागा कुठे आहे आमच्याकडे? अंगणात कोंबड्या."

जागा होती, त्यांच्याच लक्षात आली. कांदा चाळ. दिवाळीनंतर चाळीतला उन्हाळ कांदा विकून संपलेला असतो आणि चाळ रिकामी पडते. टेपने मोजली तर आतली लांबी बारा मीटर भरली. बाजूंना फळ्यांमध्ये फटी असल्याने उजेड भरपूर, वाराही येतो म्हणा. पण त्याच फटींतून छर्रा बाहेर जाऊ नये म्हणून लक्ष्यामागे लोखंडी पत्रा, त्याच्या पुढे चिकणमातीने भरलेली लाकडी पेटी, आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना जुनी पोती मातीने भरून रचली. पेटीतली माती दर आठवड्याला ओली करून थापायची, नाहीतर वाळून छर्रा उलटा उडतो. सराव चालू असताना चाळीच्या तोंडाशी दोरी आणि दाजी स्वतः खुर्ची टाकून. बारा मीटरपैकी दहा मीटरवर चुन्याची रेघ मारली आहे. एप्रिलमध्ये नवा कांदा आत यायला लागेल, तोपर्यंत चाळ तिची. दुर्बिणीच्या पैशातून सहा डबे छर्रे आले आहेत, दोन संपले.